पट्टी बदलली म्हणून, की जोड घट्ट झाला म्हणून?

घरच्या स्पीकरच्या पाठीमागे दोनाऐवजी चार टर्मिनल असतील, तर वरची आणि खालची जोडी सांधणाऱ्या दोन पितळी पट्ट्याही तिथे असतात. वरची जोडी ट्विटरची, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या लहान स्पीकरची; खालची वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्याची. कारखान्यातून स्पीकर येतो तेव्हाच त्या पट्ट्या लावलेल्या असतात आणि बहुतेक घरांत त्यांच्याकडे पुढे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण चांगलं ऐकण्याचा नाद लागला की कधी ना कधी सल्ला कानावर येतो: त्या पट्ट्या काढून टाक, त्या जागी चांगल्या तारेचे जंपर, म्हणजे जोडतुकडे, लाव, आवाज खुलेल. मग त्याच वाटेने सोन्याचा मुलामा दिलेले बनाना प्लग (टर्मिनलच्या भोकात बसणारी टोकं) येतात, चांदीचा मुलामा दिलेले स्पेड (चकतीखाली आवळायची चपटी टोकं) येतात, केबल जमिनीवरून उचलून धरणारे छोटे ठोकळे येतात, केबलभोवती बसवायच्या कड्या येतात. वस्तू लहान आणि दावा मोठा.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. अशा वस्तूंनी आवाज सुधारला असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांना फरक खरोखरच जाणवलेला असतो. ते खोटं बोलत नाहीत आणि त्यांचे कानही बिघडलेले नसतात. पण तो फरक त्या वस्तूने घडवलेला नसतो. कधी जुना, सैल पडलेला, काळवंडलेला जोड या निमित्ताने साफ आणि घट्ट होतो, त्याचा तो परिणाम असतो. कधी ऐकणाऱ्याचं डोकं चार बोटं इकडेतिकडे सरकलेलं असतं, कधी आवाज किंचित वाढलेला असतो, आणि पुष्कळदा अपेक्षाच ऐकू येत असते. जोड नीट असणं फार महत्त्वाचं आहे. त्या जोडात बसवलेल्या तुकड्याची किंमत आणि त्याचा धातू यांना जवळजवळ काहीच महत्त्व नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि नवीन माणसाचे पैसे नेमके त्या गल्लतीत जातात.

आधी पट्टीचाच हिशोब करू. समजा पट्टी ४ सेंटीमीटर लांब, १ सेंटीमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड आहे. पितळ तांब्याच्या मानाने वीज कमी वाहतं, साधारण चौपट रोध करतं. हे खरं आहे आणि विक्रेते सांगतातही. पण एवढ्या आखूड आणि रुंद पट्टीचा रोध येतो ०.२६ मिलिओम, म्हणजे एका ओमच्या हजाराव्या भागाचाही चौथा हिस्सा. तीच पट्टी शुद्ध तांब्याची केली तर ०.०७ मिलिओमच्या आसपास येईल. लाल आणि काळ्या अशा दोन्ही पट्ट्या बदलल्या तर एकूण बचत ०.४ मिलिओम. समोर वूफरची कॉइल, म्हणजे त्याचा शंकूसारखा पडदा (कोन) हलवणारं तारेचं वेटोळं, सुमारे ६ ओमची. यातून आवाजाच्या पातळीत पडणारा फरक ०.०००६ डेसिबल भरतो. शांत खोलीत, एकापाठोपाठ लगेच ऐकवले तरी पाव डेसिबलपेक्षा लहान फरक पकडणं तयार कानालाही अवघड जातं. इथे आपण त्या पाव डेसिबलच्याही चारशेव्या भागाबद्दल बोलत आहोत.

पट्टी काढून लोक लावतात काय, तर बहुधा तारेचा जंपर. १० सेंटीमीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घेतली तर तिचा रोध होतो ०.६७ मिलिओम. म्हणजे जिला कमअस्सल म्हणून काढून टाकलं, त्या पितळी पट्टीच्या अडीचपट. तार चांदीची घेतली तरी फार बदल होत नाही, कारण चांदी तांब्यापेक्षा जेमतेम पाच-सहा टक्के चांगली वाहक आहे, आणि पट्टीचा छेद त्या तारेच्या चौपट मोठा आहे. शिवाय तारेच्या दोन्ही टोकांना दाबून बसवलेले स्पेड, म्हणजे प्रत्येक जंपरमागे दोन जोड नव्याने वाढले. हे आकडेही ऐकू येण्याच्या पलीकडचेच आहेत, त्यामुळे तारेचा जंपर लावल्याने आवाज बिघडेल असं मी म्हणणार नाही. पण ज्या कारणासाठी तो विकला जातो, त्या कारणाच्या कसोटीवर तो जुन्या पट्टीपुढे हरतो, एवढं नोंदवायलाच हवं.

आता प्रवाह पुढे कुठे जातो ते बघा. टर्मिनलच्या आतल्या बाजूला बहुतेक स्पीकरमध्ये साधी, बऱ्यापैकी बारीक तार असते, ती क्रॉसओव्हरपर्यंत, म्हणजे वरचे आणि खालचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटपर्यंत जाते. तिथे वूफरच्या मार्गात एक इंडक्टर असतो. तो म्हणजे गुंडाळलेली कित्येक मीटर तांब्याची तार, आणि तिचा रोध काही दशांश ओम, म्हणजे शेकडो मिलिओम. तिथून तार वूफरच्या टोकाला पुश-ऑन कनेक्टरने बसवलेली असते. मग वर म्हटलेली कॉइल, म्हणजे व्हॉइस कॉइल: पुन्हा कित्येक मीटर तार, आणि ती तर केसासारखी बारीक. या सगळ्या वाटेत चार सेंटीमीटरच्या तुकड्याचा धातू बदलायचा.

व्हॉइस कॉइलची आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे या वादात कुणी फारसं लक्ष देत नाही. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. मोठ्या आवाजात गाणं चालू असताना कॉइलचं तापमान ५० अंशांनी वाढलं, तर ६ ओमची कॉइल ७.२ ओमच्या आसपास जाते. वाढ १.२ ओमची. पट्ट्या बदलून वाचवलेल्या ०.४ मिलिओमच्या ती तीन हजार पट आहे, आणि ती गाण्याच्या ओघात सतत कमी-जास्त होत असते. स्पीकर घडवणारे अभियंते याच गोष्टीशी झगडतात: कॉइलची उष्णता बाहेर कशी काढायची, कोनची हालचाल मर्यादेत कशी ठेवायची, खोक्याची थरथर कशी मारायची. आवाज तिथे घडतो आणि बिघडतोही तिथेच.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा, की सगळं काही मोजता येत नाही, कान मीटरपेक्षा जास्त ऐकतो. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण संगीत ऐकण्याच्या अनुभवाबद्दल तो खरा आहे. एखाद्या बंदिशीने डोळ्यांत पाणी का आलं, हे कुठलंही यंत्र सांगणार नाही. पण इथे प्रश्न अनुभवाचा नाही, तारेच्या तुकड्याचा आहे. ट्विटरला पट्टी पितळेची की चांदीची हे कळण्याचा एकच मार्ग आहे: त्याच्या टोकांवर येणारं व्होल्टेज. दुसरा कुठलाही निरोप त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ते व्होल्टेज जुन्या पट्टीसह रेकॉर्ड करा, नव्या जंपरसह रेकॉर्ड करा आणि एकातून दुसरं वजा करा. जे उरेल त्यात सगळं आलं: खोली, बारकावा, मोकळेपणा, श्वास, तुम्ही त्याला जे नाव द्याल ते. आपल्या हिशोबातल्या पट्ट्यांसाठी ही बाकी मूळ सिग्नलच्या ८० डेसिबलहून अधिक खाली असते. चांगल्या ऑडिओ इंटरफेसला ती दिसू शकते, म्हणजे मोजमाप इथे कमी पडत नाही. उलट वूफर स्वतः खालच्या सुरांत जी विकृती निर्माण करतो, ती मूळ आवाजाच्या सुमारे ४० डेसिबलच खाली असते, आणि तिच्यासकट आपण आनंदाने ऐकत असतो.

मग फरक ऐकू येतो तो कुठून? यासाठी जंपर बदलताना प्रत्यक्ष काय काय घडतं ते जवळून बघायला हवं.

गाणं चालू आहे. तुम्ही ते थांबवता, अ‍ॅम्प बंद करता, उठता. स्पीकरची पाठ दिसावी म्हणून तो थोडा पुढे ओढून फिरवता. पट्टी आणि तार आवळून धरणाऱ्या टर्मिनलच्या चकत्या सैल करता. वर्षानुवर्षं कुणी हात न लावल्याने त्यातली एखादी बोटाच्या नुसत्या स्पर्शाने फिरते, म्हणजे ती कधीच घट्ट नव्हती. पट्टी निघते, तिच्या पृष्ठभागावर मळकट तपकिरी थर असतो. टर्मिनलच्या कण्यावर पट्टी जिथे टेकत होती, तिथे वर्तुळाकार डाग असतो. हात आपोआप कापडाकडे जातो, तुम्ही ते पुसता. केबलचं उघडं टोक काळं पडलेलं दिसतं, म्हणून तेही कापून नव्याने सोलता. नवा जंपर बसवता, आणि आता नव्या वस्तूचं कौतुक असल्याने चकत्या पूर्ण ताकदीने आवळता. स्पीकर परत ढकलता. तो पूर्वीच्याच जागी आणि पूर्वीच्याच कोनात बसला की नाही, हे कुणी मोजत नाही. येऊन खुर्चीत बसता आणि तेच गाणं पुन्हा लावता. पण यावेळी तुम्ही ते ऐकता कान टवकारून, झांजेचा ठोका किती लांब रेंगाळतो याकडे लक्ष देऊन.

या सगळ्यात निदान पाच गोष्टी बदलल्या: जोडाची स्वच्छता, जोडाचा घट्टपणा, केबलचं टोक, स्पीकरची जागा आणि ऐकणाऱ्याचं लक्ष. सहावी गोष्ट म्हणजे जंपर. आणि श्रेय मिळतं फक्त सहाव्याला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच ते.

सैल किंवा गंजलेल्या जोडाचा परिणाम खरा असतो, म्हणूनच ही गल्लत इतकी पटणारी ठरते. स्वच्छ आणि घट्ट जोडाचा रोध मिलिओमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. बिघडलेला जोड दशांश ओमवर, कधी ओमवर जातो. ती पट्टी वूफरच्या वाटेत असेल आणि तिथे अर्धा ओम वाढला, तर वूफर ट्विटरच्या तुलनेत पाऊण डेसिबलच्या जवळपास खाली जातो. पूर्ण आवाजाचा तोल त्याने ढळतो. त्यातून तो जोड स्थिर नसतो. खोक्याच्या थरथरीबरोबर कमी-जास्त होतो, कधी खरखरतो, कधी ट्विटर गप्पच होतो. असा जोड दुरुस्त झाला की आवाज उजळला असं वाटणारच, आणि ते बरोबरही असेल. पण तो दोष निघून गेल्याचा परिणाम आहे. तीच जुनी पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासून, पुसून, आवळून बसवली असती तरी तोच आवाज आला असता.

ज्यांच्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे त्यांना हे घरी तपासता येतं. ओमच्या रेंजवर तपासू नका. तिथे मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध दोन-तीन दशांश ओम असतो, मिलिओम त्यात दिसणारच नाहीत. अ‍ॅम्पची केबल वरच्या, म्हणजे ट्विटरच्या टर्मिनलना लावा, म्हणजे वूफरचा सगळा प्रवाह पट्ट्यांमधून खाली जाईल. २०० हर्ट्झचा अखंड सूर लावा आणि स्पीकरच्या टोकांवर सुमारे ३ व्होल्ट एसी येईपर्यंत आवाज वाढवा. सहा ओमच्या आसपासच्या स्पीकरमधून अर्धा अँपिअर वाहील. सूर बराच मोठा लागेल, म्हणून काही सेकंदांत काम उरका. आता मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक वरच्या लाल टर्मिनलच्या धातूला आणि दुसरं खालच्या लाल टर्मिनलच्या धातूला टेकवा. जोड चांगला असेल तर दर मिलिओमला अर्धा मिलिव्होल्ट, म्हणजे आकडा शून्याला चिकटून राहील. जोड खराब असेल, समजा ०.२ ओमचा, तर १०० मिलिव्होल्ट दिसतील. मग काळ्या टर्मिनलचंही तसंच बघा. मीटरची टोकं लाल आणि काळ्याच्या मध्ये घसरू देऊ नका, अ‍ॅम्प शॉर्ट होईल. पट्टी पुसून आणि आवळून पुन्हा मोजलंत की किती फरक पडला हे डोळ्यांसमोर येतं, आणि काही विकत घ्यायचं की नाही हा प्रश्न बहुधा तिथेच मिटतो.

ऐकण्याच्या चाचण्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण शेवटी कानाचाच विषय आहे. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी स्पीकर केबलची चाचणी घेतली होती. कुठली केबल चालू आहे हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. अगदी बारीक तार पिंक नॉइज (सगळ्या सुरांचा एकसलग सरसराट) वाजवताना ओळखता आली, कारण तिच्या रोधामुळे आवाजाची पातळीच उतरत होती. पण पुरेशी जाड साधी तार आणि महागडी केबल यांच्यातला फरक संगीत ऐकताना खात्रीने सांगता आला नाही. इथे अख्खी केबल बदलली होती. टोकाचा तुकडा नव्हे.

दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर त्याच लोकांना दोनदा ऐकवले, एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड. गुण बदलले. दिसायला भारदस्त स्पीकर समोर असताना त्यांना झुकतं माप मिळालं. अनुभवी श्रोतेही या प्रभावातून सुटले नाहीत. आणि ज्या गोष्टींनी आवाज खरोखर बदलतो, जसं की स्पीकरची खोलीतली जागा, त्या बघून ऐकताना लोकांच्या गुणांत नीट उमटल्या नाहीत. पडद्याआड मात्र उमटल्या. डोळे उघडे असताना कान कमी ऐकतात, असाच याचा अर्थ निघतो. स्पीकरसारख्या ढळढळीत वेगळ्या गोष्टींत जर असं होत असेल, तर जंपरसारख्या वस्तूबद्दल उघड्या डोळ्यांनी दिलेल्या कौलाला किती वजन द्यायचं?

ध्वनीची स्मृतीही इथे दगा देते. आवाजाच्या पोताचा सूक्ष्म ठसा मनात काही सेकंदच ताजा राहतो. जंपर बदलायला पाच-दहा मिनिटं लागतात, तोवर उरते ती फक्त पहिल्या आवाजाबद्दलची आपली समजूत. त्यातच व्हॉल्यूमचं बटण मागच्या जागी नेमकं आलं नाही आणि अर्धा डेसिबल चढला, तर तो मोठा आवाज म्हणून जाणवत नाही. जास्त स्पष्ट, जास्त भरीव, गायक जरा पुढे आल्यासारखा वाटतो. नव्या वस्तूची स्तुती करताना लोक हेच तर शब्द वापरतात.

घरच्या घरी खरी परीक्षा घ्यायची असेल तर एक उपाय आहे. एका स्पीकरला जुनी पट्टी पुसून, आवळून ठेवा, दुसऱ्याला नवा जंपर लावा, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि मोनो रेकॉर्डिंग लावून बॅलन्सच्या बटणाने इकडून तिकडे जा. आता बदल क्षणात होतो, स्मृतीवर भार पडत नाही. फरक वाटला तर जंपर आणि पट्टी यांची अदलाबदल करा. वाटलेला फरक जंपरबरोबर दुसऱ्या स्पीकरकडे गेला, की पहिल्याच स्पीकरपाशी राहिला? कुठे काय लावलंय हे तुमच्याऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणाला ठरवू द्या, आणि त्याने नाणं उडवून ठरवावं. १६ वेळा असं करून १२ किंवा अधिक उत्तरं बरोबर आली, तर तो नुसता तुक्का असण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. असं कुणी केलं आणि त्याला साध्य झालं, तर मी माझं मत बदलायला तयार आहे, आणि त्या जंपरमध्ये नेमकं काय आहे हे शोधायला मला मनापासून आवडेल.

दरम्यान खोली आपलं काम करतच असते. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास पहिला अनुनाद उभा राहतो. खुर्ची कुठे आहे त्यावर तिथला बास दहा-दहा डेसिबलने चढतो किंवा पडतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल, तर भिंतीवरून परतलेला आवाज ८६ हर्ट्झपाशी मूळ आवाजाला खाऊन टाकतो. वरच्या सुरांत तर ५ किलोहर्ट्झची तरंगलांबीच ७ सेंटीमीटर. खुर्चीत जरा सरकून बसलं की कानावर पडणारा तोल बदलतो. हे फरक जंपरच्या फरकापेक्षा हजारो पट मोठे आहेत आणि त्यातले बरेचसे स्पीकर हाताने सरकवून, एखादा जाड गालिचा किंवा पुस्तकांनी भरलेलं कपाट योग्य जागी आणून सुधारता येतात. तिकडे दुर्लक्ष करून टर्मिनलच्या धातूची चिंता करायची म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

याचा अर्थ सगळ्याच छोट्या वस्तू टाकाऊ आहेत असा मात्र कुणी घेऊ नये. बनाना प्लगचंच घ्या. १९२४ मध्ये जर्मनीत रिचर्ड हिर्शमन यांनी तो आणला आणि शंभर वर्षांनंतरही तो टिकून आहे, कारण त्याचं काम साधं आणि पक्कं आहे. उघड्या तारेचा एक सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला तर अ‍ॅम्प जळू शकतो. प्लग ते टाळतो. लाल-काळा रंग असल्याने एका स्पीकरची जोडणी उलटी होत नाही, आणि उलट्या जोडणीने बास नाहीसा होतो हे कुणालाही ऐकू येईल. वारंवार केबल काढावी-घालावी लागत असेल तर प्लगची सोय मोठी आहे. सोन्याचा मुलामाही निरर्थक नाही: सोनं तांब्यापेक्षा कमी वाहक आहे, पण ते गंजत नाही, म्हणून जोड वर्षानुवर्षं तसाच राहतो. एवढ्यासाठी साधा, स्प्रिंग घट्ट असलेला प्लग पुरतो; त्याच्यापुढच्या किमतीत कान शोधू नका. (नव्या स्पीकरच्या टर्मिनलमध्ये कधीकधी प्लॅस्टिकची छोटी बुचं दिसतात. युरोपातल्या विजेच्या सॉकेटच्या भोकांमधलं अंतरही १९ मिलिमीटरच असतं, त्यामुळे चुकून स्पीकरचा प्लग विजेच्या सॉकेटमध्ये जाऊ नये यासाठी बनाना प्लगची वाट तिथे बुजवलेली असते. ही बुचं काढता येतात.)

तारेच्या टोकाला झाळ (सोल्डर) देऊन ते स्क्रूखाली आवळण्याची सवय मात्र सोडावी. झाळेचा मऊ धातू दाबाखाली हळूहळू पसरतो आणि काही महिन्यांनी जोड सैल होतो. उघडी तार लावायची तर ती नुसती पीळ देऊन लावावी, किंवा दाबून बसवलेला स्पेड वापरावा. आणि खरेदी करताना तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार ओळखायला शिकावं. ती शुद्ध तांब्याच्या मानाने दोन-तृतीयांशाहूनही कमी वाहक असते, आणि तिचं कापलेलं टोक जोडात लवकर खराब होतं. लांब केबलसाठी हा फरक खरा आहे, तरीही त्याबद्दल ग्राहकाला क्वचितच बजावलं जातं, आणि ऑक्सिजनविरहित तांब्याबद्दल मात्र भरभरून सांगितलं जातं. वास्तविक साधं विद्युत तांबं आणि ऑक्सिजनविरहित तांबं यांच्या वाहकतेत फरक असतो सुमारे एक टक्क्याचा. तार थोडी जाड घेतली की तो भरून निघतो.

केबल उचलून धरणाऱ्या ठोकळ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. केबल आणि जमीन यांच्यातली धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) इतकी किरकोळ असते, आणि स्पीकरच्या सर्किटचा रोध इतका कमी, की ऐकू येणाऱ्या सुरांत तिचा परिणाम होण्याचं कारणच नाही. झाडताना केबल पायात येत नाही, हा त्यांचा खरा उपयोग. कड्यांचं थोडं वेगळं आहे: जवळ रेडिओ ट्रान्समीटर असेल आणि स्पीकरमध्ये त्याची कुरकुर येत असेल, तर फेराइट या चुंबकीय पदार्थाची कडी ती थांबवू शकते. तशी कुरकुर येतच नसेल तर कडीला थांबवायला काहीच नाही.

हा कुणाच्या खासगी हौसेचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. ज्याला सुंदर घडवलेला जंपर लावून समाधान मिळतं, त्याने तो लावावा. स्पीकरची पाठ नीटनेटकी दिसणं हाही आनंद आहे आणि त्याला शास्त्राचा आधार लागत नाही. अडचण सुरू होते ती शिफारशीपासून. नवीन माणूस पहिल्यांदा चांगली सिस्टिम जमवत असतो, त्याच्या खिशात ठरावीक पैसे असतात, आणि अनुभवी माणूस त्याला सांगतो की या तुकड्यांशिवाय तुझे स्पीकर अर्धेच वाजतात. तो माणूस स्पीकर एक पायरी खालचा घेतो आणि उरलेले पैसे टोकांवर घालतो. हे नुकसान खरं आहे आणि ते त्याला कधीच कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याला फरक ऐकू आला नाही, तर तो आपल्याच कानांवर शंका घेऊ लागतो. संगीत ऐकायला बसलेल्या माणसाच्या मनात स्वतःच्या ऐकण्याबद्दल न्यूनगंड पेरणं मला अक्षम्य वाटतं.

म्हणून विक्रेत्यांकडे आणि परीक्षणं लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी अवाजवी नाही. आवाज सुधारतो असा दावा करायचा असेल, तर स्पीकरच्या टोकांवरचं मोजमाप द्या: जुना तुकडा लावून आणि नवा लावून. ते न देता जोड पक्का बसतो, गंजत नाही, हाताळायला सोपा आहे एवढंच म्हणा. ते खरं असेल आणि कुणाची हरकत नसेल. आणि परीक्षण लिहिणाऱ्याने एक ओळ जरूर लिहावी, की नवा तुकडा ऐकल्यावर जुनाच तुकडा पुसून, तितक्याच ताकदीने आवळून, पातळी मोजून सारखी करून पुन्हा ऐकला होता का. ही ओळ ज्या परीक्षणात नाही, त्यात आलेलं पुढचं वर्णन कितीही सुरेख असलं तरी ते कशाचं वर्णन आहे हे वाचकाला कळत नाही: धातूचं, घट्ट केलेल्या स्क्रूचं, की त्या दिवशीच्या उत्साहाचं.

ज्यांनी आधीच जंपर बदलले आहेत आणि ज्यांना आवाज सुधारल्यासारखा वाटतो, त्यांच्याकडे एक चांगली संधी आहे. जुन्या पट्ट्या बहुधा ड्रॉवरमध्ये पडून असतील. त्या घासून चकाकवा, टर्मिनलचे कणे पुसा, पट्ट्या बसवून चकत्या पूर्ण आवळा, स्पीकर होत्या त्या खुणेवर ठेवा आणि आठवडाभर तसंच ऐका. महिन्याभराने चकत्या पुन्हा एकदा तपासा, कारण उघडी तार दबून बसते आणि पहिल्या महिन्यातच जोड थोडा सैल पडतो. त्यानंतर नवे जंपर परत लावावेसे वाटले तर जरूर लावा, पण पुढच्या माणसाला सल्ला देताना त्याला आधी चकत्या आवळायला सांगा.